नास्तोसाठी अर्धाच विलाप

ओक्सेन्या गप्प झाली, हेच मुळी आमच्या रान्नाकुलात कुणाला खरं वाटलं नाही. कोल्खोझचा, म्हणजे सामूहिक मासेमारीचा, अध्यक्ष जिच्या तोंडाला टरकून असायचा, मासळीच्या शेडमध्ये जिचा आवाज यंत्रांच्या वर ऐकू यायचा, ती बाई सख्ख्या बहिणीच्या उघड्या शवपेटीपाशी उभी असताना, विलाप ऐन मध्यावर आलेला असताना, गप्प झाली. आणि गप्प झाली ती कशापायी? एका शब्दापायी. तोही कसला, तर दिवसातून पन्नास वेळा आपण सगळेच वापरतो तसला.

तिची आई ओक्कुली ही आमच्या सोइकोलाच्या किनाऱ्यावरची नावाजलेली विलापवाली. कुठेही कुणी गेलं की होडी पाठवून तिला बोलावणं यायचं. आता ज्यांनी विलाप ऐकलेला नाही त्यांना वाटतं, बायका नुसत्या हेल काढून रडतात. रडायला काय, कुणीही रडतं! विलाप म्हणजे वाट करून देणं असतं. गेलेल्या माणसाला दफनाच्या टेकडीवरच्या आपल्या माणसांच्या स्वाधीन करायचं, आधी गेलेल्यांना हाका मारून उठवायचं, बाई गं, ही तुझी लेक आली, दार उघड, असं विनवायचं. आणि एकदा सुरू केलेला विलाप शेवटापर्यंत न्यावाच लागतो. मध्ये तुटला, तर माणूस तिथल्या दारात ताटकळत उभं राहतं. मग चाळिसाव्या दिवसापर्यंत काय ती मुदत. तेवढ्यात राहिलेला विलाप पुरा केला तर ठीक, नाहीतर संपलंच.

ओक्कुलीची शिस्त भारी कडक. तीन मुली तिला. थोरली नास्तो, मधली कात्ती आणि शेंडेफळ ओक्सेन्या. तिघींना चुलीशी बसवून ती बजावायची, "विलापात रशियन बोलायचं नाही, आपलीच बोली. माझी आजी, पणजी आयुष्यात कधी बाजाराच्या गावी गेल्या नाहीत. त्यांना काय कळणार तुमची शाळेतली भाषा? उगाच घाबरतील बिचाऱ्या, दाराला आतून अडसर घालतील." पोरी हसायच्या. आई हातातल्या पळीने एकेकीच्या डोक्यात हाणायची.

पुढे हसण्यासारखं काही उरलं नाही. लढाईच्या दिवसांत अख्खा किनारा उठवला. आधी एस्तोनियातल्या छावणीत नेऊन कोंबलं. तिथे तापाची साथ आली. ओक्सेन्या तापात बेशुद्ध पडून होती आणि शेजारच्याच फळीवर कात्ती गेली, सतरा वर्षांची. ओक्सेन्या शुद्धीवर आली तेव्हा कात्तीला पुरूनही झालं होतं. नास्तोने सांगितलं, आईने छावणीच्या कुंपणापाशी उभं राहून विलाप केला, आणि विद्यापीठातला कुणी एक चष्मेवाला माणूस यंत्र घेऊन आला होता, त्याने तो तबकडीवर उतरवून घेतला. ओक्सेन्याला त्याचा भयंकर राग आला होता. लोकांच्या घरात माणूस मरतं आणि यांना यंत्रं सुचतात.

मग तिथून फिनलंड, फिनलंडहून परत, आणि परत म्हणजे घरी नव्हेच. आगगाडी सरळ पुढे निघून गेली ती दूर रशियात, यारोस्लावलच्या बाजूला. आठ-नऊ वर्षं तिथल्या चिखलात बटाटे काढले. शेवटी घरी आल्या, तर घरात दुसरंच कुटुंब. पडदेसुद्धा आईने विणलेलेच होते. आई आणि दोघी मुली अंगणातल्या न्हाणीघरात राहिल्या, स्वतःच्या घराची चिमणी धुरकटताना बघत. ओक्कुली तिथेच गेली. तिचा विलाप नास्तोने केला, आणि काय केला! अजून म्हातारी माणसं आठवण काढतात.

बोलीचं म्हणाल तर तिचीही तीच गत. शाळेत मास्तरीण म्हणायची, माणसासारखं बोला, म्हणजे रशियन. दुकानात बाया म्हणायच्या, माणसासारखं बोला. पोरं मोठी झाली, लेनिनग्राडला गेली, ती सुट्टीत आली की म्हणायची, "आई, नातवंडांपुढे ते नको ना बोलूस." ओक्सेन्या पोरांना शिव्या घालायची, पण रशियनमध्येच, म्हणजे त्यांना कळाव्यात. त्यांच्या घरात आमची भाषा उरली ती दोघी बहिणींपुरती. रोज संध्याकाळी नास्तो कुंपणाच्या त्या बाजूने यायची आणि दोघी जाळी विणत भांडत बसायच्या.

"सामोइ आळशी बाई आहेस तू या किनाऱ्यावरची," नास्तो म्हणायची.

"आणि तू सामोइ कजाग. नवरा पळून का गेला, सांगू?"

"मेला तो! पळून नाही गेला!"

"तेच ते."

सामोइ. आम्ही काय, कुठल्याही गोष्टीची कमाल सांगायची झाली की आधी सामोइ लावतो. सामोइ मोठा मासा, सामोइ थंड हिवाळा, सामोइ गोड पोर. रशियन लोकही जवळजवळ तसंच म्हणतात, हे काय ओक्सेन्याला ठाऊक नव्हतं? पण तिच्या डोक्यात कधी आलंच नाही त्याचं. मीठ त्यांच्याही घरात आणि आमच्याही घरात, त्यात विचार काय करायचा?

दोघींचं ठरलेलं होतं. जी मागे राहील तिने दुसरीचा विलाप करायचा. मागे राहिलेलीचं कोण करणार, हा प्रश्न दोघींपैकी कुणी काढला नाही. काढून उपयोग काय होता? विलाप येणारं तिसरं कुणी उरलंच नव्हतं.

नास्तो जाण्याच्या तीन उन्हाळे आधी एस्तोनियातल्या तार्तूच्या विद्यापीठातून मार्ता आली, बोली टिपून घ्यायला. तिशीची बाई, मऊ बोलायची, टेपरेकॉर्डर खांद्याला, पायात शहरी बूट. आमची भाषा बोलायची ती थोडी वाकडी, पण बोलायची. ओक्सेन्याला कोण आनंद झाला! साऱ्या जन्मात पहिल्यांदा बाहेरचं माणूस म्हणत होतं, तुमच्या भाषेत बोला. तिने मार्ताला धुरावलेली हेरिंग खाऊ घातली, राईची भाकरी घातली, तीन दिवस तिच्यापुढे बडबडली. फक्त विलाप म्हणून दाखवायला नकार दिला.

"घरात मेलेलं माणूस नसताना विलाप करतात होय? कुणाला बोलवायचंय मला?"

मार्ताने हट्ट धरला नाही. कागदावर लिहिता लिहिता ती सहज म्हणाली, "मावशी, हा सामोइ तुम्ही फार वापरता. रशियन आहे हो तो."

"हॅ! काय सांगतेस. माझी आई म्हणायची."

"आईंनीही उसनाच घेतलेला. तुमच्या लोकांनी त्यांच्याकडून कधीतरी उचललेला."

"मग आमचा कुठे गेला?"

"असणार काहीतरी," मार्ता म्हणाली. "विसरला असाल. जुन्या विलापांत नक्की सापडेल. विलापांत परकं काही शिरत नाही." आणि तिने पान उलटलं.

झालं. ती बाई पान उलटून मोकळी झाली. इकडे ओक्सेन्याच्या मनात जे काही शिरलं ते निघेना. आयुष्यभर हे रशियन म्हणत आले, तुमचं बोलणं माणसाचं नाही. आणि आता ही म्हणते, जे बोलता ते तुमचंही नाही! मार्ता गेली त्या संध्याकाळी ती नास्तोवर खेकसली, "सामोइ म्हणू नकोस."

"का गं बाई?"

"रशियन आहे."

"कोण म्हणतं?"

"ती तार्तूवाली. शिकलेली आहे."

नास्तो खो खो हसली. "ती शिकलेली, तू सामोइ शहाणी!"

ओक्सेन्या मात्र हसली नाही. तिच्या मनाने भलताच घोळ घातला होता. आईच्या विलापातली एक ओळ तिला पाठ होती. तू माझ्या घरट्यातली सामोइ गोड चिमणी, तिथून ती ओळ सुरू व्हायची. आता हिला वाटायला लागलं, आई असं कसं म्हणेल? पळी घेऊन डोक्यात हाणणारी आई! तिचा शब्द वेगळाच असणार, अस्सल, आणि माझ्याच डोक्यात इतक्या वर्षांत रशियन बसला त्याच्या जागी. नास्तोने आईचा विलाप केला तेव्हा तिनेही हेच म्हटलेलं आठवायचं, पण मग नास्तोही बिघडलेलीच! नास्तोला विचारायला गेलं तर ती म्हणायची, "सामोइच होतं, मूर्ख बाई, दुसरं काय असणार?" ओक्सेन्याला ते पटायचं नाही. शिकलेलं माणूस खोटं कशाला बोलेल? आमच्या लोकांना एक खोडच आहे बघा, कुणी सांगितलं की तुमचं चुकतंय, तर आधी मान डोलवायची. डोलवायला लावूनच मोठं केलंय आम्हाला.

नास्तो ऑगस्टमध्ये गेली. हातात बादली, आणि विहिरीपाशीच कोसळली. ओक्सेन्याने तिला न्हाऊ घातलं, लोकरी मोजे घातले, खिडकीशी टॉवेल टांगला. चाळीस दिवस आत्मा घरात येऊन-जाऊन असतो, त्याला तोंड पुसायला लागतं. नास्तोचा मुलगा कोल्या ट्रक घेऊन आला. कोल्या भला माणूस, पण आमची भाषा त्याला ओ की ठो येत नाही.

टेकडीवर आम्ही दहा-बाराजण असू. ऊन होतं, समुद्रावरून वारा येत होता. ओक्सेन्याने रुमाल हातात घेतला, पेटीच्या कडेला हात टेकला आणि सुरू केलं. अंगावर काटा आला हो. तो आवाज तिच्यात आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिने जमिनीला विनवलं, मऊ हो म्हणून. वाऱ्याला थांबवलं. आईला हाक मारली, एकदा, दोनदा. ऊठ, माझ्या आई, उंबऱ्यावर ये, कोण आलंय बघ. तुझ्या घरट्यातली...

आणि थांबली.

तोंड उघडं होतं. शब्द जिभेवर आलेला आम्हाला दिसत होता म्हणा ना. तिने तो गिळला. पुन्हा म्हणाली, तुझ्या घरट्यातली. पुन्हा थांबली. तिच्या मनात काय चाललं होतं ते पुढे तिनेच सांगितलं. तिला वाटलं, हा शब्द काढला तर दार लागेल आतून. दुसरा आठवेल, आत्ता आठवेल, एवढं सगळं आठवलं मग हाही आठवेल. रुमाल मुठीत चुरगळला होता. पण दुसरा शब्द काही येईना.

कोल्या बिचारा खूप वेळ थांबला. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रशियनमध्ये हळूच विचारलं, "झालं ना मावशी?"

ती काही बोलली नाही. त्याला वाटलं, झालं. त्याने मान हलवली, झाकण चढवलं, आणि खिळे ठोकायला लागले. आमच्यातल्या ज्यांना कळत होतं त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांची शेजारीण मी तिथेच होते, मीही बोलले नाही. खिळा ठोकायला लागल्यावर कुणी बोलत नाही. चौथ्या घावाला ओक्सेन्या किंचाळली, "थांबा!" पण ती आमच्या भाषेत किंचाळली, आणि हातोडीवाल्याला ती कळली नाही. त्याला वाटलं, म्हातारी रडतेय.

पुढचे चाळीस दिवस तिने काय काय केलं ते बघवत नव्हतं. एकच ध्यास, आईचा तो शब्द शोधायचा आणि मुदतीच्या आत टेकडीवर जाऊन विलाप पुरा करायचा. जेवायची ती उभ्यानेच. रोज सकाळी खिडकीतल्या टॉवेलला हात लावून बघायची, ओला लागतोय का म्हणून, आणि म्हणायची, "थांब गं. आणते."

पलीकडच्या वस्तीत पारो म्हणून नव्वदीची बाई होती, तरुणपणी ओक्कुलीबरोबर विलापाला जायची. ओक्सेन्या बसने तिच्याकडे गेली. पारो मुलाच्या पाच मजली इमारतीत, पलंगावर. सून समोर टीव्ही बघत बसलेली.

"पारो, मी ओक्कुलीची धाकटी. आईच्या विलापात घरट्यातली चिमणी होती, त्याच्या आधीचा शब्द कोणता?"

पारोने सुनेकडे पाहिलं, आणि रशियनमध्ये म्हणाली, "बस, चहा घे."

"अगं, आपल्या भाषेत बोल ना!"

"नाही येत आता," पारो म्हणाली. "स्वप्नंसुद्धा यांच्याच भाषेत पडतात, बाई. परवा आई आली स्वप्नात, तीही रशियन बोलत होती. मला ती ओळखूच आली नाही." आणि ती रडायला लागली. सून टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "कशाला हो रडवता त्यांना? रक्तदाब आहे त्यांना."

आणखी दोन ठिकाणी गेली. एक ठार बहिरी. दुसरी म्हणाली, "शब्द कसला शोधतेस, सामोइ म्हण आणि मोकळी हो!" ओक्सेन्या तिच्यावर अशी धावून गेली की विचारू नका. "तुझ्यासारख्यांनीच बुडवलं सगळं! जे पुढ्यात येईल ते तोंडात घालायचं!" ती बाई तिच्याशी पुन्हा बोलली नाही. खरं तर त्या एकाच बाईने तिला औषध दिलं होतं, आणि हिने तिचंच तोंड फोडायचं बाकी ठेवलं.

शेवटी तिला छावणीतली ती तबकडी आठवली. आईने कात्तीसाठी केलेला विलाप! चष्मेवाल्याने घेतलेला. तिने मार्ताला पत्र लिहिलं, रशियनमध्ये, कारण आमची भाषा लिहायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तबकडी असेल तर ती एक ओळ तेवढी कळवा, तारेने कळवा, मुदत आहे. विसाव्या दिवशी पत्र टाकलं. मग रोज पोस्टाची बाई यायच्या वेळेला फाटकापाशी. तिसाव्या दिवशी नाही. पस्तिसाव्या दिवशी नाही. चाळिसाव्या दिवशी कोल्या आला, बायकांनी मध घातलेले गहू शिजवले, मासा भरलेली पोळी केली, आणि सगळे टेकडीवर गेले. ओक्सेन्याने टॉवेल काढून बरोबर घेतला होता. थडग्यापाशी ती उभी राहिली. एकदा तोंड उघडलं. मग वाकून टॉवेल क्रुसाला बांधला, आणि मागे न बघता उतरून आली.

मार्ता आली ती त्रेचाळिसाव्या दिवशी, दुपारच्या बसने, खांद्याला तोच टेपरेकॉर्डर. धापा टाकत होती.

"मावशी, मी सुट्टीवर होते, पत्र कालच हातात पडलं. तारेने काय कळवायचं, म्हटलं स्वतःच जावं. तबकडी आहे! संग्रहातल्या माणसाकडून टेपवर उतरवून आणलीय. मीही अजून ऐकलेली नाही, म्हटलं तुमच्याबरोबरच ऐकू."

ओक्सेन्याने खुर्ची पुढे केली. उशीर झाला, हे ती बोलली नाही. पण आईचा आवाज ऐकायला मिळणार, तो शब्द निदान एकदा कळणार, म्हणून तिने ओले हात पुशीत टेबलाशी स्टूल ओढून घेतलं. मी अंडी द्यायला गेले होते, ती मलाही म्हणाली, "बस."

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खोकलं. मग ओक्कुली. चाळीस-एक वर्षांनी! ओक्सेन्याने दोन्ही हात तोंडावर धरले. आई वाऱ्याला थांबवत होती, परक्या मातीला विनवत होती, माझ्या लेकीला दुसऱ्याच्या गावात ठेवून जातेय, तिला घ्या म्हणत होती. ओळ जवळ आली. ओक्सेन्या पुढे झुकली, तिचे ओठ हलत होते.

तू माझ्या घरट्यातली सामोइ गोड चिमणी, आई म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत, जराही न अडखळता. आणि पुढे निघून गेली.

मार्ताने झटकन टेप मागे फिरवली. पुन्हा तेच. सामोइ.

"अरे देवा," मार्ता म्हणाली, आणि तिचे गाल लाल झाले. "म्हणजे विलापातसुद्धा! त्रेचाळीस सालीच! मावशी, हे कुणी नोंदवलेलंच नाहीये, हे म्हणजे..." तिने पर्समधून वही काढली. मग तिचं ओक्सेन्याकडे लक्ष गेलं, आणि वही तशीच राहिली हातात.

"तू म्हणाली होतीस, शिरत नाही," ओक्सेन्या म्हणाली.

"मला तसं वाटलं होतं."

"वाटलं होतं." ओक्सेन्या ते दोनदा म्हणाली. "माझ्या जिभेवर होता गं तो. बरोब्बर तोच होता. मी गिळला. माझी बहीण दारात उभी राहिली, आणि मी तोंड मिटून घेतलं, तुला काहीतरी वाटलं होतं म्हणून."

मार्ता रडायला लागली. खोटं नाही सांगत, मनापासून रडली ती. म्हणाली, "आत्ता म्हणा ना मावशी. मी येते टेकडीवर. पुरा करू."

"चाळीस झाले."

"असं काही नसतं हो, मावशी..."

मला तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. असं नसतं! तिला काय ठाऊक काय असतं आणि काय नसतं? एकदा सांगून गेली तेवढं पुरलं नव्हतं का?

ओक्सेन्या उठली. तिने टेपरेकॉर्डरचं झाकण लावलं, पट्टा नीट गुंडाळला, यंत्र मार्ताच्या मांडीवर ठेवलं. मार्ता आमच्या भाषेत काकुळतीला आली होती. मावशी, माझं चुकलं, काहीतरी बोला, शिव्या द्या, पण बोला.

ओक्सेन्या तिच्याकडे बघून रशियनमध्ये म्हणाली, "काय म्हणता कळत नाही, बाई. मला ही भाषा येत नाही."

मला वाटलं, रागाने म्हणतेय. मार्ता गेल्यावर मी म्हटलं, "ओक्सेन्या, अगं, मी आहे ना. माझ्याशी तर बोल." तिने अंड्यांची टोपली रिकामी करून माझ्या हातात दिली आणि रशियनमध्ये धन्यवाद म्हणाली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. मी रोज जात होते, रोज आमच्याच भाषेत बोलायचे, आणि ती रोज मला रशियनमध्ये उत्तर द्यायची.